पस्तिसाव्या मिनिटाला तुटलेली फीत

मित्रांनो, मी एक जुना रिवाइंडर आहे. हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलेही नसेल आणि त्यात तुमचा काही दोष नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की सहसा कष्टांचे पाढे वाचतात आणि जगाने आपली कदर केली नाही म्हणून डोळे पुसतात. माझे तसे नाही. माझी कदर लायकीपेक्षा जास्तच झाली. मला जे सांगायचे आहे ते सांगताना मान खाली जाते, म्हणून इतकी वर्षे टाळत आलो.

आधी माझे काम समजून घ्या. तुमचे आईबाबा लहान होते तेव्हा घरी सिनेमा पाहायचा तर व्हिडिओ कॅसेट आणावी लागे. पुस्तकाएवढी काळी डबी, आत दोन चाके आणि त्यांच्यावर गुंडाळलेली लांबलचक फीत. सिनेमा सुरू होताना सगळी फीत डाव्या चाकावर असे. संपला की सगळी उजव्या चाकावर. पुढच्या माणसाला तोच सिनेमा पाहायचा तर फीत पुन्हा डावीकडे गुंडाळायला हवी. ते काम माझे. कॅसेट लावायच्या यंत्रालाही, म्हणजे व्हीसीआरलाही, ते जमत असे, पण रडतखडत. मी तीन मिनिटांत उरकत असे.

कारखान्यात मला लाल मोटारगाडीचा आकार दिला गेला. पुढे दोन दिवे, खाली चार चाके. चाके नुसती शोभेची होती, पण काम चालू असताना दिवे मात्र लागत आणि काम संपले की माझे टप, म्हणजे वरचे झाकण, टप्प करून आपोआप उघडे. तिथल्या तपासणीस बाईंनी मला शेवटचे पारखले. फीत फिरत असताना त्यांनी ती बोटाने हलकेच दाबली आणि मी लगेच थांबलो. त्यांनी पुन्हा दाबली, मी पुन्हा थांबलो. फीत कुठे अडली, ताणली गेली, की थांबायचे, ओढायचे नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी त्यात उत्तम गुणांनी पास झालो होतो हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडले ते न येण्यामुळे घडले नाही.

मला विकत घेतले ते मास्तरांनी. मास्तर कधी कोणत्या शाळेत शिकवत नव्हते. ते आधी छापखान्यात मुद्रिते तपासत आणि चुका शोधण्याची खोड त्यांना तिथलीच. पुढे त्यांनी कॅसेटचे दुकान काढले आणि प्रत्येक सिनेमाला दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली. गुण कॅसेटच्या पाठीवर लाल शाईने लिहिलेले असत. म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणू लागले. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. दुपारी मास्तर आतल्या बाजूला टीव्हीसमोर बसत आणि गल्ल्यावर वहिनी.

दुकानात शिरताच समोर गाजलेले सिनेमे. त्यातला जुळ्या बहिणींचा सिनेमा तर असा चालला होता की मास्तरांना त्याच्या सात कॅसेट ठेवाव्या लागल्या, आणि तरी लोक रांग लावत. मास्तरांनी त्याला दहापैकी दोन गुण दिले होते, आणि कोणी तो मागितला की ते कॅसेट दोन बोटांनी उचलून देत. त्यांचा जीव होता मागच्या एका फळीवर. तिथे कोणी न पाहिलेले, चार दिवसांत थिएटरातून उतरलेले, लोकांनी वाऱ्यावर सोडलेले सिनेमे होते. मास्तरांनी ते कुठून कुठून हुडकून आणले होते. भंगाराच्या खोक्यातून, बंद पडलेल्या दुकानांतून, कोणाच्या तरी माळ्यावरून. खरे सांगायचे तर त्या फळीमुळे मला मास्तरांचा फार अभिमान वाटे.

आता त्या दुकानाची एक तऱ्हा ऐका. इतर दुकानांत पाटी असे, ‘कॅसेट रिवाइंड करूनच परत करा.’ आमच्या दुकानात पाटी होती, ‘कॅसेट रिवाइंड करून आणू नये.’ फीत जिथे थांबली असेल तिथेच ठेवून आणायची. मास्तर ती दिव्यासमोर धरत, डबीच्या छोट्या खिडकीतून उजव्या चाकावर किती फीत जमली आहे ते पाहत आणि पाहणाऱ्याने सिनेमा किती मिनिटांनी बंद केला ते बिनचूक सांगत. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कार्डावर ती मिनिटे लिहिली जात. मागच्या फळीवरचा सिनेमा शेवटपर्यंत पाहणारा तो रसिक. दहा मिनिटांत बंद करून जुळ्या बहिणींना बोलावणारा तो मास्तरांच्या मनातून उतरला.

मास्तर बघत फक्त फीत कुठे थांबली ते. मला त्याहून जास्त कळे. शिंप्याला आपली शिलाई ओळखू येते ना, तशी मला माझी गुंडाळणी ओळखू येई. मी गुंडाळलेली फीत घट्ट आणि सारखी बसते. व्हीसीआरने मागे आणलेली थोडी सैल असते. पाहता पाहता सरकलेली आणखी वेगळी, आणि न पाहता नुसती पुढे पळवलेली तर पहिल्या झटक्यात कळते. बँकेतले एक दाढीवाले साहेब मागच्या फळीचे मोठे चाहते होते. प्रत्येक कॅसेट शेवटापर्यंत नेऊन आणत आणि गल्ल्याला टेकून त्या सिनेमावर अर्धा तास बोलत. मास्तर म्हणत, “याला म्हणतात रसिक.” साहेबांची एकूणएक फीत पुढे पळवलेली होती. सिनेमा त्यांनी पाहिलेलाच नसे.

आणि मला त्याचे काहीच वाटत नसे, मित्रांनो. साहेब आमच्यातले होते. मास्तर, साहेब आणि मी. जुळ्या बहिणींची कॅसेट पोटात आली की मी मनातल्या मनात नाक मुरडत असे. टीव्ही आतल्या बाजूला आणि मी गल्ल्यावर. मी आयुष्यात एकही सिनेमा धड पाहिलेला नाही. तरीही माझी मते मात्र ठाम होती.

मागच्या फळीवरचा सर्वांत लाडका सिनेमा होता होडीवाल्याचा. त्याचे खरे नाव कोणी घेत नसे. मास्तरांनी त्याला दहापैकी दहा दिले होते. एक होडीवाला लोकांना नदीपार नेतो, आणतो. कोणी विचारले तर सांगतो, मला कोणी नाही. शेवटी पलीकडच्या काठावर एक बडा प्रवासी त्याची वाट पाहत उभा असतो आणि हा अर्ध्या नदीतून होडी वळवून परत जातो. संपला सिनेमा. मास्तर सांगत, “एकटेपणा. दुसरं काही नाही. माणसाला कशातच अर्थ उरला नाही की तो असा मागे फिरतो.” त्यांनी तो चाळीस वेळा पाहिला होता. कॅसेट ही एकच होती, दुसरी कुठे मिळालीच नव्हती. ते ती कोणाच्याही गळ्यात मारत आणि लोक पंधराव्या मिनिटाला बंद करून परत आणत. मास्तर हळहळत, पण आपल्याशिवाय हा सिनेमा कोणाला कळत नाही, याचा त्यांना आतून आनंदही होत होता. मला तो आनंद ठाऊक आहे, कारण मलाही होत असे.

मावशी आमच्याकडे जुळ्या बहिणींसाठी येत. पलीकडच्या इमारतीत जिन्याखाली त्यांचे इस्त्रीचे टेबल होते. दिवसभर उभ्याने काम. लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली तेव्हा तिने पहिल्यांदा काय केले असेल, तर आईला व्हीसीआर घेऊन दिला. मावशी त्याला खोके म्हणत. दर शनिवारी एक कॅसेट नेत आणि सोमवारी आणून देत. त्यांच्या कार्डावर जुळ्या बहिणी नऊ वेळा होत्या, नऊही वेळा शेवटपर्यंत.

एका शनिवारी सातही कॅसेट बाहेर गेलेल्या. वहिनींनी होडीवाला काढून दिला. “हा बघा मावशी, जरा हळू आहे.” सोमवारी मास्तरांनी तो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, “पस्तीस मिनिटं. वाटलंच होतं.” मग मावशींच्या देखतच साहेबांकडे वळून म्हणाले, “गाढवाला गुळाची चव काय.”

मावशींनी ऐकले. शनिवारी आल्या आणि म्हणाल्या, “तो होडीवाला द्या पुन्हा.” सोमवारी फीत पुन्हा पस्तिसाव्या मिनिटाला. तिसऱ्या शनिवारी पुन्हा तोच आणि पुन्हा तिथेच. मग दुकानात ती एक गंमतच होऊन बसली. “तिथंच झोप लागते हो मावशींना,” मास्तर म्हणत. “झोपेचं औषध म्हणून नेतात.” साहेब दाढी हलवून हसत.

मला मात्र पहिल्याच सोमवारी कळले होते. डाव्या चाकावरची उरलेली फीत माझ्या गुंडाळणीची नव्हती. ती शेवटापर्यंत पाहिली गेली होती आणि मग मागे आणून पस्तिसाव्या मिनिटाशी थांबवली होती. त्या जागेची थोडीशी फीत तर थकून गेली होती. तिथला तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला होता, थांबवून ठेवून पाहिला होता. मावशी तिथे झोपत नव्हत्या. तिथे त्या काहीतरी शोधत होत्या. आमच्या त्या सगळ्या दुकानात होडीवाला एवढे मन लावून मास्तरांखेरीज फक्त मावशींनी पाहिला होता. आणि मी हशात सामील होतो. मला हसता येत नाही, पण माझे दिवे लागत, त्या वेळी ते जरा जास्तच झगमगत असावेत.

चौथ्या वेळी मावशी सोमवारी नाही, रविवारी सकाळीच आल्या. दुकानात गर्दी होती. मास्तरांनी कॅसेट उंच धरली. “किती मिनिटं असतील, सांगा बरं?” चार जण एकदम म्हणाले, “पस्तीस.”

मावशी म्हणाल्या, “मास्तर, मला त्यातलं एक सांगायचंय तुम्हाला. त्या जागेचंच.”

“सांगा हो नंतर. आधी आमची गाडी पळू दे.” मास्तरांनी कॅसेट माझ्यात ठेवली, टप दाबले आणि साहेबांना म्हणाले, “नवी मोटर बसवलीय. बघाच आता.”

पहिल्याच क्षणी मला ती थकलेली जागा लागली. फीत जराशी चुरगळली होती. माझ्या धड्याप्रमाणे मी तिथे थांबायला हवे होते. थांबलो असतो तर मास्तरांनी टप उघडून हाताने, सावकाश, चार फेरे गुंडाळले असते आणि काही बिघडले नसते. पण सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मला वाटले, या बाईंच्या कॅसेटसाठी मी सर्वांसमोर अडू? मी ओढले. फीत तुटली. आवाज बारीक होता आणि हसणे मोठे, म्हणून कोणाच्या कानावर गेला नाही.

मास्तरांनी कॅसेट बाहेर काढली तेव्हा टोक लोंबत होते. त्यांचा चेहराच उतरला.

“तुटकी आणलीत, मावशी?”

“नाही हो. नीट काढून आणली मी.”

“नीट कसली. तुमच्या मशीननं खाल्लीय ही. चुरगळलीय बघा. ही एकच होती. कुठून आणू मी आता?”

मावशींनी ती फीत बघितली, मग माझ्याकडे बघितले, मग पुन्हा फितीकडे. त्यांना माझा संशय आला असता तर मला बरे वाटले असते. “चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “मला काय ठाऊक, आमचं खोकं असं करतं म्हणून.” ज्यासाठी आल्या होत्या ते न सांगताच त्या गेल्या.

मास्तरांनी चुरगळलेली दोन वीत फीत कापून टाकली आणि टोके चिकटपट्टीने जोडली. दोन वीत म्हणजे वीसेक सेकंद. केराबरोबर तीही गेली.

आठवड्याने मावशी भर दुपारी आल्या. “जोडली का हो? मला तेवढी जागा दाखवाल?” वहिनींनी मास्तरांकडे न बघताच कॅसेट दुकानातल्या टीव्हीवर लावली. पस्तिसावे मिनिट आले. चित्राने उडी मारली आणि पुढे गेले.

“इथं तो कोट काढतो ना,” मावशी म्हणाल्या.

“तेवढं कापावं लागलं,” मास्तर म्हणाले.

“मग गेलं ते.” मावशींनी टीव्हीकडे बोट केले. “सबंध सिनेमाभर त्याच्या अंगात जाड कोट आहे. इथं ऊन पडतं म्हणून तेवढा एकदा काढतो. आतल्या शर्टाला कडक इस्त्री, मास्तर. बाहीची घडी अशी उभी. होडीत बसून कोणी घालतं का तशी घडी? आणि एक बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलेलं. तो ज्याला त्याला सांगतो, मला कोणी नाही. मग शर्ट कोण करून देतं? घरी कोणीतरी आहे त्याचं. बाई असेल, आई असेल, आपल्याला दाखवलेलंच नाही. म्हणून शेवटी होडी वळवतो तो. घरी जातो. मी चारदा बघितलं, उगाच आपल्याला वाटतं की काय म्हणून.”

मास्तरांनी कॅसेट बाहेर काढली. त्यांच्या चाळीस वेळा पाहण्यात शर्ट नव्हता. “असं काही नाही त्यात,” ते म्हणाले. “मी पाहिलाय ना.”

“नसेलही. मला आपलं कपड्यांतलंच कळतं.”

“मग ते जुळ्या बहिणींचं कशाला बघता हो इतकं?” मास्तरांनी विचारले. टोमणाच होता तो, पण त्यातला जोर गेला होता.

“त्यात सगळं सांगून टाकतात. दिवसभर उभं राहून आलं की कोणी सांगितलेलं बरं वाटतं. ह्यात शोधावं लागतं. दोन्ही चांगलेच आहेत की.”

त्या गेल्यावर वहिनी म्हणाल्या, “अहो, खोटं कशाला सांगतील त्या?” त्या दिवसापासून होडीवाल्यावर मास्तरांनी कोणाला व्याख्यान दिले नाही, एवढे मात्र खरे.

मावशी पुन्हा कधी कॅसेट न्यायला आल्या नाहीत. महिन्याने वहिनींना त्या रस्त्यात भेटल्या. खोक्यावर चादर घालून ठेवलीय म्हणाल्या. दुसऱ्याची वस्तू खाल्ली तर काय तोंड दाखवू, म्हणाल्या. वहिनींनी हे गल्ल्यावर बसून सांगितले तेव्हा मी तिथेच होतो. शनिवार होता, आणि मी दिवे लावून कोणाची तरी कॅसेट गुंडाळत होतो. लेकीने पहिल्या कमाईतून आणून दिलेले ते यंत्र माझ्यामुळे चोर ठरले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी खडखड करू लागलो. मास्तरांनी मला उलटे करून खालचे स्क्रू काढले. माझ्या आसाभोवती फितीचा एक चुरगळलेला तुकडा अडकून बसला होता. मास्तरांनी तो चिमट्याने सोडवला आणि दिव्यासमोर धरला. व्हिडिओच्या फितीत डोळ्यांना चित्र दिसत नाही, नुसता तपकिरी चकचकीतपणा दिसतो. तरी ते बराच वेळ बघत राहिले. कॅसेट तुटकी आली असती तर हा तुकडा माझ्या पोटात कसा येणार, हे मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“काय निघालं?” वहिनींनी विचारले.

“काही नाही. कचरा.”

त्यांनी स्क्रू पुन्हा घट्ट केले. मला हायसे वाटले. हे मी कोणालाही सांगितले नसते, पण आज सांगायचे ठरवले आहे तर सगळेच सांगतो: मास्तर मूग गिळून बसले तेव्हा मला हायसे वाटले.

पुढे सीडीच्या चकत्या आल्या, कॅसेटचे दिवस सरले. मास्तरांनी दुकान आवरायला काढले तेव्हा गाजलेल्या सिनेमांना अजूनही मागणी होती, जुळ्या बहिणी सातही गेल्या. मागची फळी कोणी नेली नाही. एका दुपारी मास्तरांनी होडीवाल्याची कॅसेट पिशवीत घातली, वर मला ठेवले आणि पलीकडच्या इमारतीकडे निघाले. वाटेत ते स्वतःशी काहीतरी पुटपुटत होते. दोनदा थांबले. मला वाटले, आज हा माणूस बोलणार, आणि दोघांच्याही मानेवरचे ओझे उतरणार.

जिन्याखाली मावशी एका शर्टाची कॉलर दाबत होत्या. केस पिकले होते. मास्तरांनी आम्हाला टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले.

“हे तुमच्यासाठी आणलंय. होडीवाला. ठेवा तुमच्याकडेच. आणि ही गाडी पण, गुंडाळायला.”

मावशींनी इस्त्री उभी केली, हात पुसले आणि कॅसेट उचलून बघितली. मग ती हळूच पिशवीत परत ठेवली.

“नको हो मास्तर. तुम्ही एवढं आणलंत ते पावलं. पण आमचं खोकं फिती खातं. उरलीय तेवढी तरी राहू दे.”

मास्तरांनी तोंड उघडले. मी बाजूलाच होतो, मी पाहिले. शब्द अगदी ओठांवर आले होते. समोर बाई उभी होती, हातात दुसऱ्याचा शर्ट, आणि चार शब्दांत तिची इतक्या वर्षांची खंत गेली असती.

“बरं,” मास्तर म्हणाले. आणि पिशवी उचलून आम्हाला परत घेऊन आले.

आता मी त्यांच्या घरी कपाटावर असतो. मास्तर थकले आहेत. कधीमधी खालून माझ्याकडे बघतात आणि लगेच नजर वळवतात. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. मी त्याला पात्र नाही. तुम्ही वाटेल ते सिनेमे पाहा, गाजलेले पाहा, पडलेले पाहा, आवडले नाहीत तर तसे सांगा. फक्त दुसरा काय बघतो यावरून त्याला किती कळते ते ठरवू नका. आणि तुमच्या हातून कोणाचे काही तुटले, तर त्याच दिवशी बोला. मला तोंड नव्हते, ही माझी सबब. मास्तरांना होते. तुम्हालाही आहे.

म्हणून तुम्हालाच विनंती करतो. तुमच्या घराजवळ कुठे जिन्याखाली इस्त्रीचे टेबल असेल आणि तिथे केस पिकलेल्या एक मावशी असतील, तर त्यांना माझा एवढा निरोप सांगा: मावशी, तुमच्या खोक्याने कधीच काही खाल्ले नाही. चादर काढा. फीत मी तोडली.